घरत झेरॉक्स, कन्नमवारनगर

हेन्रिक विचारतो, स्टॉकहोमहून,
आपल्याकडे दुपारचे दोन, त्याच्याकडे पहिली कॉफी:
एकाच ॲपात गप्पा, पैसे, टॅक्सी, नूडल्स,
वीजबिल आणि दातांचा डॉक्टर,
ही माणसं गोंधळत नाहीत?
चिनी स्क्रीनचा फोटो पाठवलाय,
वर लाल पेनानं गोल, गोल, गोल.
किती बटणं, म्हणतो. श्वास घ्यायला जागा नाही.

हेन्रिक, मी विक्रोळीत राहते.
आमच्या इमारतीच्या पायथ्याशी
दिनानाथ घरतांचं दुकान आहे.
पाटीवर एकच शब्द: झेरॉक्स.
आत पासपोर्ट फोटो, रिचार्ज, भाडेकरार, कुरिअर,
श्रावणात राख्या, जानेवारीत मांजा,
दाखल्याचा फॉर्म भरून (वीस रुपये),
वरच्या खणात तीन बिऱ्हाडांच्या किल्ल्या
आणि मायक्रोवेव्हवर कुणाचा तरी डबा.
मायक्रोवेव्ह का आहे, ठाऊक नाही.

हे कुणी आखलं नव्हतं.
कारखाना सुटला, हाती आलेल्या पैशांत एक मशीन घेतलं.
कुणी विचारलं, फोटो काढता का?
कुणी विचारलं, बिल भराल का, रांग मोठी आहे.
घरतांना तोंडावर नाही म्हणता येत नाही,
एवढंच काय ते डिझाइन.

ग्वांगझूला मी अकरा दिवस होते.
लिन यान चालता चालता आईशी बोलायची,
त्या बोलण्याच्या खालीच भाडं चुकतं करायची,
तिथूनच लिचीवालीच्या गाडीवरचा चौकोन टिपायची.
लिचीवाली नजरही वर करत नव्हती.
आणि आपण, हेन्रिक?
दर उंबऱ्यावर नाव, गाव, आईचं माहेरचं आडनाव,
सहा आकडे येईपर्यंत ताटकळणं,
मग आत गेलं की स्वच्छ पांढरी भिंत
आणि मधोमध एक बटण.
श्वास घ्यायला भरपूर जागा.
माणूस नाही.

हे सगळं मी स्लाइडवर मांडलं, बाण काढले.
एक गोष्ट बाणात बसेना.

लिन यानच्या मावसभावानं
कुठल्याशा ग्रुपवर काहीतरी लिहिलं.
काय, ते तिनं सांगितलं नाही,
मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.
त्या दुपारी त्याचं खातं बंद झालं.
बसचं तिकीट गेलं, जेवण गेलं,
औषधाची चिठ्ठी गेली,
आणि हे कळवायचं कुणाला,
तर कळवायची जागाही तीच.
दोन दिवस तो
मावशीच्या दाराची कडी वाजवत आला, गेला.

आणि घरत.
माझ्या फारकतीच्या अर्जाचं सातवं पान
त्यांच्या मशीनमध्ये अडकलं होतं, तिरकं, काळपट.
त्यांनी दुसरी प्रत दिली, पैसे एकीचेच घेतले.
तीन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या चणेवाल्यानं
गरम चणे दिले, त्या पुडीवर
‘अर्जदार व सामनेवाला यांच्यात’.
मी पुडी नीट उलगडली,
चणे ओढणीत घेतले,
कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.
घरतांना बोलले नाही.
बोलून जाणार कुठे?
गॅसची पावती तिथेच, किल्ली तिथेच,
उधारीच्या वहीत माझं पानही तिथेच.

हेन्रिकला लिहिलं:
बटणं मोजू नकोस. ती कुणी मागितली ते विचार.
आणि मागच्या बाजूला एक दार ठेव
ज्याची किल्ली त्याच खणात नसेल.
त्यानं अंगठा पाठवला.
मग विचारलं, दाराचं चिन्ह कोणत्या रंगात?

संध्याकाळी प्रिंट आणायला उतरले.
बावीस पानं, रंगीत, हिशेब नंतर.
घरतांनी कडा ठोकून सारख्या केल्या,
पिन मारता मारता चष्म्यावरून पाहिलं:

चौथ्या पानावर माझं नाव आहे.
जीच्या पुढचा एच राहिलाय.