बंडी

चोपड्याच्या कृषी कॉलेजातली हर्षाली म्हणाली,
काका, दोन जुन्या सुती बंड्या द्या.
एक पुरली केळीत, ठिबकच्या नळीखाली,
दुसरी बांधावर, हिवराच्या मुळाशी,
जिथं रोटाव्हेटर वळत नाही.

दोन महिन्यांनी उकरल्या.

बांधावरची हाताला लागली ती
नुसती गळ्याची शिवण, टेरिकॉट दोऱ्याची,
आणि तिला लोंबकळणारं एक गांडूळ.
बाकी कोण कोण जेवून गेलं होतं.

केळीतली अख्खी.
खिशाचं ठिगळसुद्धा शाबूत.
लोटन ट्रॅक्टरवरूनच हसला :
‘धुई टाक, आखो दोन साल चाली!’

हर्षालीनं वहीत काहीतरी लिहिलं,
मला वाचून दाखवलं नाही.

आता नळावर बंडी पिळतोय.
माती निघतेय, काळीभोर.
नाकाशी नेली,
मातीचा वास नाही.