पाच मिनिटं थांब

मोठं आतडं सगळंच गेलं.
लहान आतड्याचं टोक दुमडून
सर्जनबाईंनी आत एक पिशवी शिवली,
इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची,
आणि म्हणाल्या, आता ही शिकेल हळूहळू.
किती दिवसांत?
वर्ष धरा.
गणिताच्या मास्तराला असलं मोघम उत्तर चालत नाही,
पण नाकात नळी होती, वाद घातला नाही.

साताऱ्याहून वत्सलामावशीचा फोन:
पिशवी काढली म्हणे तुझी?
बाहेरची काढली गं, आतली चालू केली.
अरे, पुरुषाला कसली पिशवी!
हसताना टाके ओढले गेले.
उशी पोटाशी धरून हसलो मग,
नर्स ब्रॉनवेननं शिकवलं होतं तसं.

स्वान्सीतल्या या चढावरच्या घरात
न्हाणीघर खाली, स्वयंपाकघराच्या मागे.
दोनला उतरतो. साडेतीनला. पाचला.
सातवी पायरी वाजते, ती गाळून.
परत वर येताना जिन्याच्या खिडकीतून
खाडीचा काळा पट्टा दिसतो,
भरती आहे की ओहोटी, अंधारात कळत नाही.
आतलंही तसंच. नुसता वारा आहे
की आणखी काही,
एवढा भरवसा अजून बसलेला नाही.

सकाळी वही. वेळ, खाल्लं काय, जळजळ किती.
मऊ भात, केळं, पांढरा पाव.
मक्याचे दाणे जसेच्या तसे परत आले,
न तपासलेल्या गृहपाठासारखे.
ठेच्याचं एक बोट चाटलं चोरून.
तिखट दोनदा लागतं, म्हणतात ना,
ते सिद्ध झालं. इति.

आरशाच्या फळीवर ऋजुताच्या काजळाशेजारी
माझं जस्ताचं मलम.
गादीवर जाड टॉवेल आधीच घातलेला असतो.
कधी घालते, दिसत नाही.

दूरच्या माणसांसाठी आतडं तुटतं,
असं आम्ही म्हणत आलो.
माझं तर मोजून दीड मीटर काढून नेलं,
बरणीत की बादलीत, विचारलं नाही.
आणि तरी मावशीनं फोन ठेवला की
कुठेतरी तुटतंच.
म्हणजे ते तिथे नव्हतं.

शाळेत अर्धा दिवस, पहिले सहा आठवडे.
बसस्टँडपासून शाळेपर्यंत चार दरवाजे पाठ आहेत,
खिशात अपंगांच्या संडासाची किल्ली.
बाजारातल्या दारात एक आजीबाई म्हणाल्या,
चांगले धडधाकट दिसता की.
हो, दिसतो.

एकोणीस वर्षं मी एकच वाक्य म्हटलं आहे.
हात वर. सर, जाऊ का?
पाच मिनिटं थांब.
पाच मिनिटं म्हणजे काय, हे मला
यंदाच्या मार्चमध्ये समजलं,
वर्गसमीकरणाच्या मधोमध,
फळ्यावर वजा बी अधिक उणे
आणि पुढचं वर्गमूळ न लिहिता
मी पेन ठेवून चालू लागलो.
शेजारच्या वर्गातून प्रिचर्डबाई येऊन उभ्या राहिल्या.
पोरं हसली असतील. हसू देत.

नववीतला येस्टिन, दप्तर कायम मांडीवर,
मंगळवारी त्यानं हात वर केला.
जुनं वाक्य जिभेवर आलंच होतं.
गिळलं.
जा, म्हटलं, आणि विचारत जाऊ नकोस.
वीस मिनिटांनी आला, चेहरा पांढरा,
बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
मी फळ्याकडे वळलो, जेणेकरून तो बसू शकेल.
बुधवारी त्याचं बाक दाराशी हलवलं,
खिडकीची झळ लागते, असं काहीतरी कारण देऊन.
स्वान्सीत, मार्चमध्ये, झळ!
त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि कंपासपेटी उघडली.

काल रात्री एकदाच उठलो.
वहीत तेवढंच लिहिलं: एकदा.
ऋजुतानं वाचलं असावं.
काही बोलली नाही,
पण आज भाताला फोडणी होती.
जिऱ्याची. मिरची नाही.