उलटं झाड

सीताबर्डीच्या मेन रोडवर, चपलांच्या दुकानाला लागून,
दहा बाय आठच्या जागेत मी सेंट विकते.
मालकांनी शिकवलंय :
आधी गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळख, मग बाटली काढ.
ऊद अबोल माणसांना. लिंबाचा वास घाईतल्यांना.
आणि ही गुलाबी टोपणाची, फुलाफळांची,
खोक्यावर छापलंय तशी,
हळव्या, लाजऱ्या, स्वप्नाळू मुलींसाठी.

हीच नेते तक्षशीला रामटेके.
वय बेचाळीस. कळमना मार्केटात
धर्मकाट्यावर वजनाच्या पावत्या फाडते.
हेल्मेट माझ्या काउंटरवर आदळते,
खोक्यावरचं मोठ्यानं वाचते
आणि फुटपाथपर्यंत ऐकू जाईल असं हसते.
"लाजरी! मायबाई, आमच्या ड्रायव्हर लोकायले दाखव हे."

मागच्या संत्र्याच्या हंगामात म्हणे
एका आडत्यानं रिकाम्या ट्रकात,
ताडपत्रीखाली, चार हमाल झोपवले होते,
रिकाम्याचं वजन वाढलं की मालाचं घटतं म्हणून.
ही चाकावर पाय देऊन चढली,
ताडपत्री उचलली, म्हणाली,
"उठा बाप्पा, चहा झाला."
चौघंही उठले. एकानं तर खरंच चहा मागितला.
आणि नवा काटा झाला.

मी विचारलं, दिवसभर टनावारी फळांत बसता,
वर आणखी फळांचाच सेंट काहून?
ती म्हणाली, "ते फळ लोकायचं.
त्याचं वजन मी करतो. याचं कोणी करत नाही."

त्या दिवशी खोक्यावरचा पहिला शब्द तिनं मला विचारला.
पीच म्हणजे कसं लागते?
मला कुठं माहीत. तीन वर्षं विकतेय,
खाल्लं कधीच नाही.
आठवड्यानं ती रुमालात गुंडाळून एक घेऊन आली,
हिमाचलच्या पेटीतलं, एका बाजूनं दबलेलं.
"आडू आहे हे! आमच्याकडे आडूच म्हणते सारे."
बिलं कापायच्या कात्रीनं आम्ही ते कापलं.
आंबट. जरासं तुरट. हातभर रस.
बाटलीतल्यासारखं अजिबात नाही.
"बाटली खोटी बोलते," मी म्हटलं.
तिनं बी चोखली, कागदात बांधली, पर्समध्ये टाकली.
"नाही वं. बाटलीले आडू पायजेच नव्हता."

तेव्हापासून मी खोकं वेगळं वाचते.
वर फळ : पीच, लिची.
मधे फूल : मोगरा, थोडा गुलाब.
तळाशी लाकूड.
म्हणजे हे झाड आहे, पण उलटं.
झाडाला आधी खोड येतं, मग बहार, मग फळ.
बाटलीत फळ पहिल्यांदा येतं
आणि पहिल्यांदा जातं.

ती पण तशीच. दारातून आधी हसू येतं.
बसली तर थोड्या वेळानं मोगरा :
पोरीच्या दहावीचं, गुडघ्याचं, नव्या पडद्यांचं बोलते.
त्याच्या खालचं मला माहीत नव्हतं.

मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर,
कोणताही सेंट फार थापा मारू शकत नाही.
वीस मिनिटांत वरचं सगळं उडतं.
अशाच एका संध्याकाळी मेट्रोत
ती दांडीला धरून माझ्याशेजारी उभी होती.
स्कूटी बंद पडलेली. मला ओळखलं, मान हलवली,
हसली नाही. बोललीही नाही.
मनगट माझ्या नाकाच्या उंचीवर होतं :
पोत्यांचा वास, धूळ, डिझेल,
आणि त्या सगळ्याखाली, घट्ट,
ऊन खाल्लेलं लाकूड.

मी काही विचारलं नाही.
झाडाला टेकावं तशी उभी राहिले,
माझं स्टेशन येईपर्यंत.

परवा मालक म्हणाले, गुलाबी टोपणवाली खपत नाही,
कंपनीला परत पाठवू.
मी म्हटलं, एक ठेवा.
कोणासाठी, त्यांनी विचारलं. कसल्या स्वभावाची?
मी सांगायला तोंड उघडलं,
आणि मला काट्यावरचे ते चौघं हमाल आठवले.
हसूच आलं मला, फुटपाथपर्यंत.