मुद्देमाल क्रमांक नऊ

कोर्टाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या खोलीत
माझ्या ताब्यात एक चादर होती.
रजिस्टरला नोंद: जेकार्ड, तांबडी-हिरवी, मोरांची,
एका कोपऱ्याला काळपट डाग, लाखेचं सील शाबूत.
माझ्याआधी तीन कारकुनांनी तिचा चार्ज दिला-घेतला,
मोजून, सही करून,
लग्नातली भांडी द्यावीत तसा.

राजमौळी दुडम. अशोक चौकामागचा कारखाना, रात्रपाळी.
सकाळी माग चालूच होता म्हणतात,
कांडी संपलेली, रिकामा धोटा
इकडून तिकडे, तिकडून इकडे.

नरसम्मा, त्याची आई, एकही तारीख चुकवायची नाही.
एक तारीख म्हणजे हजार विड्यांची मजुरी बुडाली,
असा तिचा हिशेब.
साहेब रजेवर. पंच मयत. साक्षीदार विजापूरला, पत्ता नाही.
वकिलांचा संप. गड्ड्याची सुट्टी.
बाकावर बसल्या बसल्या तिची बोटं चालायची,
पान नाही, तंबाखू नाही,
हवाच वळायची, हवेलाच दोरा गुंडाळायची.
मी फायलीत डोकं घालायचो.

एकोणीस वर्षांनी चादर वर नेली.
उलगडली तर कसर भुरभुरली टेबलावर.
आरोपीचे वकील हसले: अशा चादरी
सोलापुरात घरोघर आहेत. हीच कशावरून?
तिनं चष्मा मागितला. माझा दिला.
बोट फिरत फिरत तिसऱ्या मोराच्या पायाशी थांबलं.
"ही भोकं कसरीची. हे नाही.
त्याच्या मागावर इथंच तार सुटायची.
मालक पैसे कापायचा."
दुभाष्यानं तेलुगूतून सगळं सांगितलं,
टंकलं गेलं एवढंच:
साक्षीदार चादर ओळखते.

निकालाच्या अकरा दिवस आधी आरोपी गेला,
जामिनावर, आपल्या घरात, झोपेत.
आदेश दोन ओळींचा. आरोपी मयत, खटला संपुष्टात.
मुद्देमाल निरुपयोगी, मुदतीनंतर नष्ट करावा.

मुदत संपली त्या दुपारी ती दारात उभी.
कुणी कळवलं, मी विचारलं नाही.
नष्ट केल्याच्या पंचनाम्यावर माझी सही आहे.
सही खरी आहे.

पिशवीत घालायला घडी करताना
कारखान्याचं लेबल वर आलं: पक्का रंग.
ती डागावर हात ठेवून राहिली बराच वेळ.
मग ऑफिसात विचारतात तशी, खालच्या आवाजात,
"आता धुतलं तर चालतंय का, सायेब?"