सहा दिवसांची

मखमलाबादेत माझी सात बिघे मिरास.
बटीक ठेवायची ऐपत नाही, म्हणून पापही नाही,
असं मी पारावर सांगायचो.

सुगीला मात्र देशमुखांकडून एक मागून आणली,
सहा दिवस, दोन पायली नागलीवर.
नागली गेली देशमुखांच्या कणगीत.
तिनं माझ्या बायकोबरोबर बाजरी सोंगली,
बायकोपेक्षा एक पात पुढे.

आता गंगेच्या दोन्ही काठांना तळ पडलेत.
दोन्हीकडचे स्वार बैल मागतात.
हरण्या गेला, चांद्या गेला;
नावानं हाका मारत मी वेशीपर्यंत धावलो.

तिलाही नेलं म्हणतात, कुठल्याशा बाजूनं.
काय म्हणून हाक मारायची?
सहा दिवसांत विचारलंच नव्हतं.

विळा आढ्याला खोचलाय.
जाताना तिनं पुसून ठेवला होता.