तू त्यांच्यातला नाहीस

पपया नर्सरीच्या सिग्नलपाशी, खैरनारच्या टपरीवर
रोज सहाला आम्ही पाच जण बसतो.
चौघांच्या कंपन्या बंद पडल्या,
पाचव्याची पुण्याकडे गेली.
मुलाकडे सहा महिने राहून आलो
तेव्हापासून मला सगळे 'ओहायो' म्हणतात.
"काय ओहायो, कोण जिंकतंय तिकडं?"
मी म्हणतो, साखर कमी टाक.

मला कुंपणापलीकडचा डेल आठवतो.
शहात्तर वर्षांचा, अंगणात झेंडा, डोक्यावर लाल टोपी.
"त्याच्याशी बोलत बसू नका, बाबा,"
तुषार पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
"ती माणसं वेगळी असतात."

एकतीस वर्षं मी सातपूरला लेथवर काढली.
हात बघितले की कळतं
माणूस आयुष्यभर कशापुढे उभा राहिलाय.
डेलचं मधलं बोट अर्धं होतं,
माझी करंगळी.
आम्ही एकमेकांना दाखवली आणि खूप हसलो.

माझं इंग्रजी ड्रॉइंगच्या कागदापुरतं,
बोअर, थ्रेड, रिजेक्ट, टॉलरन्स.
पुरलं.
(तुषारही टॉलरन्स म्हणतो, सारखा म्हणतो.
आमचा मायक्रोमीटरवर मोजता यायचा,
किती चुकलं तरी चालेल
याचा आधीच ठरवलेला आकडा.)

डेलची गिअरची कंपनी आधी मेक्सिकोला गेली,
मग कुठे गेली ते कुणी सांगितलं नाही.
चर्चमध्ये रविवारी अकरा माणसं उरली.
नातीनं सणाला येणं सोडलं, टोपीपायी.
"काढ म्हणाली असती तर काढली असती," तो म्हणाला,
"म्हणालीच नाही."
जेवणाआधी तो डोळे मिटायचा.
मी ताटाभोवती पाणी फिरवायचो,
आणि सूनबाई माझ्यामागून टेबल पुसायची,
रागानं नाही, पण लगेच.

खरं सांगतो, मला तो पटत होता.
जुनं मोडायला दोन मिनिटं लागतात.
मोडणारा क्वचितच विचारतो
इथे कुणाचं काही ठेवलंय का.
हे मी आजही म्हणतो,
तुषारला आवडो न आवडो.

मग ऑक्टोबरात, पानं गोळा करताना,
डेल काठीवर रेलून म्हणाला,
"इतकी माणसं आत घेतली,
आता माझंच गाव मला ओळखू येत नाही.
तुझं नाही म्हणत मी.
तू त्यांच्यातला नाहीस."
आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.
प्रेमानं. ते प्रेमच होतं.

राग आला नाही मला.
फक्त हा आवाज कुठे ऐकलाय
ते आठवेना,
म्हणून मी पानांचा ढीग उगाच
इकडून तिकडे करत राहिलो.

रात्री आठवलं.
अंबडमधून उत्तरेकडची पोरं
रातोरात गावी निघाली होती, त्या वर्षीचं.
रामदुलारे कपड्यांची पिशवी घेऊन
माझ्या मशीनपाशी आला.
त्याआधी आठवडाभर याच टपरीवर
मीच मोठ्यानं बोलत होतो,
यांनी आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या वगैरे.
त्याला म्हणालो, "तू कशाला घाबरतोस?
तू त्यांच्यातला नाहीस."
तो वाकून पाया पडला,
आणि नाशिकरोडला जाऊन गाडीत बसला.

हे मी डेलला सांगितलं नाही. तेवढं इंग्रजी नव्हतं.
तुषारला सांगितलं नाही, तो जिंकला असता.

परवा डेलनं फोटो पाठवला,
बर्फात झेंडा, शेजारी हत्यारांची पेटी.
खैरनारनं मोबाइल हातात घेऊन विचारलं,
"मग काय, हा बरोबर की पोरगा?"
मी चहा संपवला.
बायको म्हणते, रामदुलारेला शोधायचा तर
हल्ली फोनवर कुणीही सापडतं,
नाव टाका, आडनाव टाका.

आडनाव मी कधी विचारलं नव्हतं.
मस्टरवर होतं.
मस्टर कंपनीबरोबर गेलं.