अठ्ठेचाळीस किलो

निळ्या केसांचा पोरगा पडलाय.
बरगड्या मोडल्यात, एक डोळा मिटलाय,
समोरचा राक्षस तीन मजली.
आता त्याला आई आठवेल, शाळेतला बाक आठवेल,
मागं व्हायोलिन सुरू होईल आणि तो उठेल.
ठोसा निघून दोन भाग झाले,
अजून पोचलेला नाही.

'बघ अक्का, आता बघ,' भरमू म्हणतो.
मी पिठाचे हात तसेच धरून
फुटक्या काचेतनं बघते.

मी उद्यमबागेत कास्टिंग तपासते.
दिवसाला चारशे नग, हातात व्हर्निअर.
भोक दोन शतांश मोठं भरलं की नग लाल पेटीत.
आजवर एकाही लोखंडानं
मित्रांची आठवण काढून
आपलं भोक बारीक केलेलं नाही.
हे मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, 'तू लोखंडाचं बोलायलीस.'

जिल्ह्याच्या मॅटवर त्याच्या वाट्याला आला
मुडलगीचा लगमण्णा.
दोन वर्षं हॉस्टेलात, रोजची अंडी, रोजचा कोच.
आमच्या मजगावच्या तालमीत एकच मॅट,
तीपण मधोमध फाटलेली, टेप लावलेली.

सकाळी वजनाच्या खोलीबाहेर
मी लगमण्णाला बघितलं होतं.
स्वेटर, वर रेनकोट, जिना चढ-उतार,
बाटलीत थुंकत होता. ओठ चुन्यासारखे.
काटा सत्तेचाळीस नऊशेवर थांबला
तेव्हा तो हसला नाही, भिंतीला टेकला.
मी मोजणारी बाई. मी मोजून ठेवलं.

पहिल्या फेरीत भरमू सहा-शून्यनं मागं.
एकेरी पट, परत एकेरी पट, मग मॅटच्या बाहेर.
दहाचा फरक झाला की शिट्टी.
माझं गणित झालं होतं. मी पर्सही उचलली.
तेवढ्यात कुणीतरी बाई ओरडायला लागली,
'ऊठ! भरमू, ऊठ की! संपलं न्हाई अजून!'
घसा फाटेस्तोवर.
पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला
तेव्हा कळलं, ती मीच.

दुसऱ्या फेरीत लगमण्णाचे गुडघे विरघळले.
दोन. चार. सहा. घड्याळात नऊ सेकंद. आठ.
व्हायोलिन नव्हतं.
स्पीकरवर कन्नडमधनं कुणालातरी
गेटातली मोटारसायकल काढायला सांगत होते.

परतताना स्कूटरवर मी गप्प.
सांगावं का, की तू नाही जिंकलास बाळा,
त्याचा उपास हरला?
तिसरं रेल्वे गेट पडलेलं. इंजिन बंद केलं.
मागनं तो म्हणाला,
'सकाळी मी पण बघितलेलं त्याला, जिन्यात.
म्हणून पहिल्या फेरीत नुसतं पळवलो.
सहा दिले. दहा झाले असते तर गेलोच असतो.'

'मग तो निळ्या केसांचा?'

मालगाडी निघेपर्यंत तो बोलला नाही.
'सहा-शून्यला पाय कापायलते, अक्का.
त्या वेळी गणित आठवतंय होय?'

गेट वर गेलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले.
'लगमण्णाला केळी दिलो मी. तीन खाल्ला.
मग बोट वर करून म्हणतोय, इन्नोंदु.
पुढच्या वर्षी एक्कावन्नात ये म्हणाला,
मी जेवून येतो.'